दमदमची गोळी आणि अमरावतीचा मांडव

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाने बंदुकीच्या गोळीवर बोलावे, हे काही श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. बोनस, किमान वेतन, कंत्राटी पद्धत हे आमचे नेहमीचे विषय. त्यांवर आम्ही वर्षभर बोलतच असतो. परंतु गोळी ही वस्तूदेखील कुणीतरी घडवावी लागते. शिसे कुणीतरी वितळवावे लागते, साचा कुणीतरी धरावा लागतो आणि तयार झालेला माल कुणाच्या तरी अंगात जावा लागतो. या साखळीच्या आरंभी कामकरी माणूस असतो, आणि पुष्कळदा अखेरीसही तोच असतो. तेव्हा विषय अगदीच परका नव्हे.

शिशाशी आमची ओळख छापखान्यातली. शाळा सुटली ती नववीत, आणि त्यानंतर आम्ही काही वर्षे खिळे जुळविण्याचे काम केले. ते खिळे म्हणजे शिसे, कथील आणि अँटिमनी यांचे मिश्रण. नुसत्या शिशाचे अक्षर केले तर पाचपन्नास प्रती निघताच त्याचे तोंड चेपते. म्हणून त्यात कडक धातू घालतात. शुद्ध शिसे नखानेही ओरखडते. खिळा टेबलावर आपटला तर त्याचा टवका उडेल, शिशाचा तुकडा आपटला तर तो निमूटपणे चपटा होईल. आज ज्या गोळीची हकीकत सांगावयाची आहे तिचे अर्धे रहस्य शिशाच्या या चपटे होण्यात आहे.

उरलेले अर्धे रहस्य पोकळीत आहे. शिशाच्या गोळीच्या टोकाशी खळगा ठेवला आणि ती वेगाने शरीरात शिरली, तर त्या खळग्यात मांस व रक्त कोंडते. शरीराचा मोठा भाग पाण्याचा, आणि पाणी दाबले तरी आकसत नाही. ते सापडेल त्या दिशेने ढकलते. खळग्यातले पाणी मग खळग्याच्या भिंतीच बाहेर लोटते. शिसे मऊ, त्यामुळे भिंती वाकतात, उलटतात आणि गोळीचे डोके भूछत्रासारखे पसरते. बारीक छिद्र पाडून आरपार जाणारी वस्तू क्षणार्धात रुंद होते, आतल्या आत थांबते आणि आपला सगळा वेग शरीरास देऊन टाकते. वेग फार कमी असेल तर भिंती वाकत नाहीत. शिसे फार कडक केलेले असेल तर त्या वाकण्याऐवजी तुटतात. कारागिराच्या दृष्टीने एवढीच गोष्ट. शल्यवैद्याच्या दृष्टीने मात्र पहिल्या जखमेत आणि या दुसऱ्या जखमेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हाताचे हाड पहिलीने मोडले तर हात वाचण्याची आशा असते. दुसरीने बहुधा तो कापावा लागतो.

आता इतिहासाकडे वळू. आपल्या वऱ्हाडात कवायती सैन्याच्या शिशाचा मोठा वर्षाव झाला तो १८०३ साली. २९ नोव्हेंबर रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानावर आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. त्या वेळच्या इंग्रज शिपायाच्या बंदुकीची नळी पाऊण इंच व्यासाची आणि आतून गुळगुळीत होती. तिची गोळी म्हणजे साच्यात ओतलेला शिशाचा साधा वाटोळा गोळा. वजन सुमारे तीस ग्रॅम, वेग आजच्या मानाने बेताचा, नेम तर शंभर पावलांपलीकडे देवाच्या हवाली. पण हाडावर आदळली की ती चपटी होई आणि हाडाचा चुरा करी. शिसे पसरते ही गोष्ट तेव्हाही सर्वांस ठाऊक होती. त्यात कुणाचा हेतू नव्हता. तो धातूचा स्वभाव होता.

मेळघाटच्या रानात ठासणीच्या बंदुका वापरणाऱ्या शिकाऱ्यांसही हेच ज्ञान होते. पळीत शिसे वितळवायचे, दगडाच्या किंवा लोखंडाच्या साच्यात ओतायचे, थंड झाले की कडा घासायच्या. घरोघरची विद्या होती ती. साहेब शिकाऱ्यांनी तिचे शास्त्र केले. सातपुड्यात वावरलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ, ज्याचे मध्य भारतातील डोंगरमुलुखावरचे पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झाले, त्याने त्याआधीच शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. त्याच सुमारास विलायतेत ‘एक्सप्रेस’ नावाच्या रायफली निघाल्या. हलकी गोळी, दारू भरपूर आणि गोळीच्या नाकात खळगा. वाघ किंवा सांबर जागच्या जागी कोसळावे, जखमी होऊन रानात पळू नये, हा त्यामागचा विचार. जनावराचे हाल वाचविणारी म्हणून शिकारी या गोळीची शिफारस करीत, आणि शिकारीपुरते ते खोटेही नव्हते. पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने रयतेच्या हातची बंदूक परवान्यात अडकली, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साहेब-रयत सगळ्यांचीच शिकार संपली. मेळघाटात १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. असो, आपल्याला जनावरांच्या गोळीकडून माणसांच्या गोळीकडे जावयाचे आहे, आणि ती वाट कलकत्त्याजवळच्या दमदम गावावरून जाते.

दमदम ही बंगालच्या तोफखान्याची जुनी छावणी. तिथे दारूगोळ्याचे कोठार होते व कारखाना होता. १८५६-५७ च्या हिवाळ्यात तेथे नव्या एन्फील्ड रायफलीचे शिक्षण सुरू झाले. त्या रायफलीत शिशाच्या पसरण्याचा एक निराळाच उपयोग केलेला होता, आणि तो समजून घेतल्यावाचून सत्तावनच्या काडतुसांचे प्रकरण नीट उमगत नाही. रायफलीच्या नळीत पेचदार खाचा असतात. गोळीने त्या खाचा घट्ट पकडल्या तर ती गरगर फिरत सरळ जाते. पण घट्ट गोळी तोंडाकडून ठासायची कशी? फ्रेंच अधिकारी मिन्ये याने यावर युक्ती काढली. गोळी नळीपेक्षा किंचित लहान करायची आणि तिच्या बुडाशी पोकळी ठेवायची. दारू पेटली की वायूच्या दाबाने बूड पसरते आणि खाचांत रुतते. म्हणजे तोंडाने शिरताना गोळी सैल, बाहेर पडताना घट्ट. इंग्रजांनी आपल्या एन्फील्डसाठी याच तत्त्वाची गोळी घेतली. ती कागदात गुंडाळलेली असे, आणि ती सहज घसरावी म्हणून त्या कागदास चरबी लावीत. चरबी आली ती अशी, शिशाच्या मागोमाग.

जानेवारी १८५७ मध्ये दमदमच्या कोठारातील एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातले पाणी मागितले. शिपायाने जात काढून नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला की, तुमची जात आता फार दिवस टिकत नाही. ज्या काडतुसांना तुम्ही दात लावणार आहात त्यांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली आहे. कॅप्टन राइट याने ही हकीकत वरिष्ठांस कळविली आणि ती सरकारी कागदात राहिली. पुढचे बराकपूर, मीरत, दिल्ली आपण शाळेत वाचलेले आहे. आमचे म्हणणे एवढेच की, या हकीकतीतला पहिला बोलणारा माणूस हा दारूगोळ्याच्या कारखान्यातला हलक्या जातीचा मजूर होता. काडतुसात काय घालतात हे त्याला ठाऊक होते, कारण त्याच्या हातांखालून ती जात. इतिहासकार शिपायाच्या धर्मभावनेवर पानेच्या पाने लिहितात. मजुराच्या तहानेवर एक ओळ. सरकारी कागदात त्याचे नावही नाही. उत्तरेतील दलित लोकपरंपरा त्यास मातादीन म्हणते, आणि आम्हीही तसेच म्हणतो.

एन्फील्डनंतर मागून भरावयाची स्नायडर रायफल आली. तिच्या शिशाच्या गोळीच्या नाकात पोकळी असे आणि तीत लाकडाची खुंटी बसविलेली असे. हेतू सांगितला जाई तो गोळीचा तोल साधण्याचा. पण नाकातली पोकळी हेतू विचारून काम करीत नाही. या गोळीच्या जखमा भयंकर असत. ही रायफल प्रथम युद्धात गेली ती १८६७-६८ च्या हबसाणाच्या स्वारीत. ती स्वारी आपल्या मुंबईहूनच निघाली होती. तिचा सेनापती नेपियर हा मुंबईच्या लष्कराचा मुख्य होता. आणि गंमत अशी की, त्याच १८६८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे युरोपातील राष्ट्रांनी जमून पहिला मोठा करार केला. चारशे ग्रॅमपेक्षा हलका स्फोटक गोळा माणसावर मारावयाचा नाही, कारण जखमी झालेल्याचे हाल विनाकारण वाढविणे हे युद्धाच्या प्रयोजनात बसत नाही. तत्त्व उत्तम. फक्त त्यात एक अट होती. हा करार सही करणाऱ्या राष्ट्रांनी आपसांत पाळावयाचा. हबसाण किंवा अफगाण त्यात येत नव्हते.

यानंतर वीस वर्षांनी सगळे चित्र पालटले. धूर न करणारी दारू निघाली. इंग्रजांची कॉर्डाइट १८८९ ची. तिच्यातला एक मुख्य घटक म्हणजे आम्लात भिजवून स्फोटक केलेला कापूस. आपल्या बोंडातून निघणारे सूत जसे मँचेस्टरला कापड होई, तसा कापसाचा टाकाऊ अंश बंदुकीची दारू होई. ही दारू इतकी जोरकस की नुसती शिशाची गोळी तिच्यापुढे टिकेना. नळीच्या खाचांत शिसे खरवडून राही. म्हणून शिशावर तांबे-निकेलचे कवच चढविले आणि गोळी बारीक केली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीची शिशाची गोळी एकतीस ग्रॅमची होती. नव्या ली-मेटफर्डची सुमारे चौदा ग्रॅमची. व्यास .३०३ इंच, म्हणून आपल्याकडे ‘थ्री-नॉट-थ्री’. गोळी लांब जाऊ लागली, सरळ जाऊ लागली, शिपाई दुप्पट काडतुसे बाळगू लागला. आणि सर्वत्र कवच असल्यामुळे शरीरात शिरून ती न पसरता आरपार निघून जाऊ लागली.

युरोपातील काही डॉक्टरांस वाटले, चला, युद्ध जरा माणुसकीचे झाले. सरहद्दीवरील इंग्रज अधिकाऱ्यांस तसे वाटले नाही. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेनंतर तक्रार सुरू झाली की, पठाणाला गोळी लागते पण तो थांबत नाही, धावतच येतो. कारखान्यात एखादा माल कमी पडला की मालक जसे फोरमनला बोलावतात, तसे दमदमच्या कारखान्याचे अधीक्षक कॅप्टन बर्टी-क्ले यांच्याकडे हे काम गेले. त्यांनी टोकावरचे कवच थोडेसे मागे घेतले आणि शिशाचे नाक उघडे ठेवले. एवढाच बदल. त्या उघड्या नाकामुळे गोळी शरीरात गेली की शिशाचा जुना स्वभाव मोकळा होई. शिकाऱ्याने वाघासाठी जे योजिले होते ते आता आफ्रिदीसाठी आले. ज्या गावात चाळीस वर्षांपूर्वी गोळीच्या बुडाच्या पसरण्यातून बंडाची वार्ता उठली होती, त्याच गावात आता गोळीच्या नाकाच्या पसरण्याची तजवीज झाली, आणि दमदम हे नाव जगातल्या सगळ्या भाषांत गेले.

ही गोळी मोठ्या प्रमाणावर चालली ती तिराहच्या मोहिमेत. ऑगस्ट १८९७ मध्ये आफ्रिदींनी खैबरखिंड घेतली. ऑक्टोबरमध्ये सर विल्यम लॉकहार्ट तीस हजारांहून अधिक फौज घेऊन त्यांच्या डोंगरांत शिरला. गावे जाळली, धान्याच्या कोठ्या लुटल्या, झाडे तोडली. या मोहिमेतील एक बारकावा आमच्या ध्यानात राहिला आहे. ली-मेटफर्ड आणि तिच्या दमदमच्या गोळ्या होत्या त्या गोऱ्या पलटणींजवळ. हिंदी शिपायाच्या हाती तेव्हाही जुनी मार्टिनी-हेन्री होती. सत्तावनानंतर सरकारने धोरणच ठरविले होते की, काळ्या शिपायाचे हत्यार गोऱ्याच्या हत्यारामागे एक पिढी असावे. एकाच डोंगरावर, एकाच शत्रूपुढे, एकाच सरकारच्या चाकरीत दोन प्रतीची हत्यारे! एकाच कामाला कायम कामगारास एक दर आणि कंत्राटी कामगारास दुसरा, ही रीत नव्या काळाची आहे असे आमचे तरुण कार्यकर्ते समजतात. त्यांच्यासाठी हे सांगितले.

आणि आता अमरावती. डिसेंबर १८९७ च्या अखेरीस, तिराहची ती मोहीम चालू असतानाच, राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन या शहरात भरले. दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. अध्यक्ष होते मद्रासचे चेट्टूर शंकरन नायर. काळ मोठा कठीण होता. वऱ्हाडात नुकताच दुष्काळ होऊन गेलेला, मुंबई-पुण्यात प्लेग, लोकमान्य राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात, नातू बंधू चौकशीवाचून अटकेत. अशा वेळी त्या मांडवात जे ठराव झाले त्यांत एक महत्त्वाचा ठराव सरकारच्या सरहद्दीच्या धोरणाविरुद्ध होता. हद्दीपलीकडे पुनःपुन्हा स्वाऱ्या केल्याने मोलाचे प्राण जातात आणि सार्वजनिक पैशाचा नाश होतो, सबब हे धोरण थांबवावे, असा त्याचा आशय. अशा स्वाऱ्यांच्या खर्चाचा भार विलायतेच्या खजिन्याने उचलावा, अशीही मागणी झाली.

दुष्काळाने गांजलेल्या वऱ्हाडात बसून खैबरच्या पठाणांवर होणाऱ्या खर्चाचा निषेध करणे ही लहान गोष्ट नव्हती. आज कुणी त्या नेमस्तांची थट्टा करतात. आम्ही करीत नाही. पण ठराव वाचताना एक गोष्ट खटकते. त्यात पैसा आहे, प्राण आहेत, साम्राज्याचे हितसुद्धा आहे. गोळी नाही. जी गोळी हिंदी कारखान्यात घडली, हिंदुस्थानच्या खजिन्यातून जिचे पैसे दिले गेले, जिला हिंदी गावाचे नाव मिळाले, ती कुणावर मारली जात आहे हा प्रश्न त्या मांडवाने विचारला नाही. तो प्रश्न विचारला युरोपाने, आणि तोही स्वतःच्या भीतीपोटी.

झाले असे की जर्मनीतील ट्यूबिंगेनचे शल्यवैद्य ब्रून्स यांनी नाक उघडे असलेल्या गोळ्यांचे प्रयोग केले आणि त्यांच्या भीषण जखमांचे वर्णन प्रसिद्ध केले. इंग्रजांनी उलट सांगितले की, ब्रून्स यांनी वापरलेल्या गोळ्या शिकारीच्या होत्या आणि त्यांच्या नाकाचे शिसे दमदमपेक्षा कितीतरी अधिक उघडे होते. अॅबरडीनचे नामांकित सर्जन ऑग्स्टन यांनी दोन्ही गोळ्यांची तुलना करून हा आक्षेप मांडला, आणि तो खरा होता. दमदमची गोळी ब्रून्सच्या गोळीइतकी वाईट नव्हती. कमी वाईट असणे एवढेच तिचे समर्थन होते.

मध्यंतरी विलायतेत वुलिच येथे मार्क-४ नावाची नवी गोळी निघाली. हिच्या नाकातच खळगा होता. ती १८९८ मध्ये सुदानात ऑमदुर्मानच्या लढाईत चालली. त्याआधी एप्रिलमध्ये अतबाऱ्याची लढाई झाली. तेव्हा गोऱ्या ब्रिगेडजवळ जुन्याच कवचबंद गोळ्या होत्या. म्हणून तिच्या सेनापतीने आपल्या सैनिकांच्या हाती कानशी दिल्या आणि वाळवंटात बसून गोळ्यांची टोके घासावयास लावली. हा सेनापती म्हणजे जनरल गॅटेकर. मुंबईकर त्यास ओळखत होते. १८९७ साली मुंबईच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष तोच होता, आणि त्याआधी चित्रळच्या मोहिमेतही तोच एका ब्रिगेडचा प्रमुख होता. चित्रळात गोळीची तक्रार, मुंबईत घरझडत्या, सुदानात कानस, अशी तीन-चार वर्षांची ती नोकरी. एकाच माणसाच्या चाकरीच्या नोंदीत साम्राज्याचा नकाशा कसा मावतो ते यावरून दिसते.

१८ मे १८९९ रोजी हेग येथे शांतता परिषद भरली. सव्वीस राष्ट्रे आली होती. मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या वापरावयाच्या नाहीत, उदाहरणार्थ ज्यांचे कडक कवच गाभ्यास पूर्ण झाकीत नाही अशा, असा जाहीरनामा तेथे मांडण्यात आला. दमदमचे नाव त्यात घातले नव्हते, पण वर्णन तिचेच होते. ब्रिटनचे लष्करी प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी विरोध केला. त्यांच्या बोलण्याचा सारांश असा: सुधारलेल्या राष्ट्राचा शिपाई जखमी झाला की आपण जखमी झालो हे ओळखतो आणि मागे वळून दवाखान्याकडे जातो. रानटी माणसास हे कळत नाही. अंगात गोळी असतानाही तो भाला घेऊन पुढे येतो. तेव्हा त्याच्यासाठी निराळी गोळी हवी. यावर रशियाच्या बाजूने उत्तर आले की, सुधारलेला व रानटी असा भेद करणे हे परिषदेच्या मानवतेच्या भावनेस सोडून आहे. झारच्या प्रतिनिधीने मानवतेचा धडा द्यावा आणि तो ब्रिटिश पार्लमेंटच्या प्रतिनिधीस लागू पडावा, असा हा योग!

२९ जुलै १८९९ रोजी जाहीरनामा झाला. ब्रिटन आणि अमेरिका विरुद्ध गेली, पोर्तुगालने मत दिले नाही. याही करारात जुनीच अट होती: बंधन फक्त सही करणाऱ्यांच्या आपसांतील युद्धापुरते. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. ब्रिटनवर सहीचे बंधन नव्हते, मार्क-४ च्या गोळ्यांचा साठा होता, आणि तरीही त्या बोअरांवर वापरावयाच्या नाहीत असे ठरले. एक कारण तांत्रिक होते. गरम झालेल्या नळीत त्या गोळीचे कवच शिशापासून सुटे. दुसरे कारण सांगावयास नको. बोअर गोरे होते. शेवटी १९०७ साली ब्रिटनने जाहीरनाम्यास संमती दिली.

आमच्या मते या प्रकरणाचा खरा कस लागतो तो इथून पुढे. दमदम गेली, पण १९०४ च्या सुमारास.३०३ साठी मार्क-६ ही गोळी आली. कवच संपूर्ण, म्हणजे जाहीरनाम्याच्या अक्षरात बसणारी. मात्र ते कवच पूर्वीपेक्षा पातळ. पुढे विलायती पलटणींस टोकदार मार्क-७ मिळाली, आणि हिंदुस्थानात मार्क-६ बरीच वर्षे चालत राहिली. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत डायरच्या पन्नास बंदूकधाऱ्यांनी १६५० फैरी झाडल्या. इतिहासकार किम वॅग्नर यांनी लक्ष वेधले आहे की त्या गोळ्या मार्क-६ जातीच्या होत्या. सरकारी आकड्याने ३७९ माणसे मेली. लोक याहून पुष्कळ अधिक सांगतात. हंटर कमिटीपुढे डायरला पुष्कळ प्रश्न विचारले गेले. गर्दीस इशारा का दिला नाही, गोळीबार इतका वेळ का चालविला, जखमींची सोय का केली नाही. या कत्तलीवर हेगचा जाहीरनामा लागू नव्हता, कारण ते युद्ध नव्हते, आणि बागेतले लोक कोणतेही राष्ट्र नव्हते. ते रयत होते.

त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात एकच हिंदी सभासद होता, आणि तो म्हणजे अमरावतीच्या मांडवातले अध्यक्ष, शंकरन नायर. पंजाबात लष्करी कायद्याखाली जे चालले त्याच्या निषेधार्थ जुलै १९१९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे त्यांनी आपल्या पुस्तकात पंजाबचा गव्हर्नर ओड्वायर यास जबाबदार धरले. ओड्वायरने लंडनच्या कोर्टात अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १९२४ साली बारांपैकी अकरा पंचांनी नायरांविरुद्ध कौल दिला आणि पाचशे पौंडांचा भुर्दंड बसला. माफी मागितली असती तर रक्कम सुटली असती. नायरांनी रक्कम भरली. गांधीजींच्या असहकाराचे ते कडवे टीकाकार, कामगार चळवळीशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. तरी आम्ही त्यांचे नाव आदराने घेतो. बावीस वर्षांपूर्वी अमरावतीत जो प्रश्न विचारावयाचा राहिला होता, तो विचारण्याची किंमत त्यांनी स्वतःच्या खिशातून दिली.

रयतेवरील गोळीबारांची यादी आपल्याकडे लांब आहे. जुलै १९०८ मध्ये लोकमान्यांच्या शिक्षेविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, तेव्हा लष्कर व पोलीस दोघांनीही गोळ्या चालविल्या. १६ ऑगस्ट १९४२ ला आपल्या शेजारी आष्टी आणि चिमूर येथे लोक पडले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले हुतात्मे तर स्वराज्याच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. या प्रसंगी गोळ्या कोणत्या जातीच्या होत्या याची चिकित्सा क्वचितच झाली, कारण कायद्याने ती आवश्यकच नव्हती. हेगच्या जाहीरनाम्याने शत्रूच्या शिपायाला पसरणाऱ्या गोळीपासून संरक्षण दिले. मोर्चातल्या माणसाला दिले नाही. आजही अनेक देशांचे पोलीस पोकळ नाकाच्या गोळ्या उघडपणे वापरतात. त्यांचा युक्तिवाद असा की, गर्दीच्या ठिकाणी आरपार जाणारी गोळी मागच्या निरपराध्यास लागते, पसरणारी गोळी पहिल्याच माणसात थांबते. यात तथ्य नाही असे नाही. पण ज्याच्यात ती थांबते त्याचे काय, हे आर्डाच्या भाषणातही नव्हते आणि या युक्तिवादातही नाही.

कारखान्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो, नाहीतर सोबती म्हणतील की आम्ही आपलेच विसरलो. महाराष्ट्रात लहान हत्यारांच्या काडतुसांचे काम खडकीस १८६९ पासून चालत आले आहे. स्वातंत्र्यानंतर खानदेशात वरणगाव आले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या. कामगार संघटनांनी विरोध केला, संपाची तयारी केली. तेव्हा आधी वटहुकूम आणि मग ऑगस्ट २०२१ मध्ये कायदा करून संरक्षण उत्पादनातला संपच बेकायदा ठरविला. गोळी घडविणाऱ्याने हात थांबविणे हाही गुन्हा झाला. तो कायदा एका वर्षाच्या मुदतीचा होता, एवढे त्यातल्या त्यात.

आंतरराष्ट्रीय कायदा मात्र पुढे सरकला आहे. १९९८ च्या रोम येथील कराराने आंतरराष्ट्रीय युद्धात पसरणारी गोळी वापरणे हा युद्धगुन्हा ठरविला. २०१० साली कंपाला येथे दुरुस्ती होऊन हाच नियम देशांतर्गत सशस्त्र संघर्षालाही लागू करण्यात आला. म्हणजे स्वतःच्याच प्रजेशी लढणारे सरकार प्रथमच त्या रेषेत आले. दंगा, निदर्शने आणि मोर्चे यांना ती रेषा अजून शिवत नाही, आणि दुरुस्ती ज्यांनी स्वीकारली त्यांच्यावरच तिचे बंधन आहे. रोमच्या करारावर भारताची सही नाही. अमेरिकेने सही केली होती, ती पुढे मागे घेतली.